बटणातली काडी

माणूस कशाला भिईल याचा नेम नाही. मखमलाबादचा सावळीराम भरल्या विहिरीत सूर मारायचा, मळ्यात साप निघाला तर काठीवर उचलून बांधापलीकडे टाकायचा, आणि सातपूरच्या कारखान्यात आगपेटीतल्या एका काडीला भ्यायचा. हसू नका. आधी ऐका.

कपाटांच्या बिजागऱ्या बनवणारा तो लहानसा कारखाना. सावळीराम तिथं प्रेस मशीनवर होता. पत्र्याचा तुकडा साच्यावर ठेवायचा, दोन हातांनी दोन बटणं एकदम दाबायची, की वरचा ठोकळा धाडकन खाली. दोन्ही हात बटणांवर, म्हणजे बोटं साच्याबाहेर. मशीन बनवणाऱ्यानं मोठ्या अकलेनं केलं होतं, पण आपली माणसं त्याच्या वरताण! डाव्या बटणाच्या फटीत काडी ठोकली की ते दाबलेलंच राहतं. मग डाव्या हातानं पत्रा सरकवायचा, उजव्यानं बटण दाबायचं, माल दीडपट. सगळेच काडी घालायचे. सुपरवायझर ढुंढिराजसाहेबांना ते दिसत नव्हतं थोडंच? पण त्यांच्या डोक्यावर मालक बसलेला, म्हणून ते दुसरीकडे बघायचे.

शहाण्णवच्या दसऱ्याला मशीनींना झेंडूच्या माळा घातल्या. सावळीरामच्या मळ्यातलीच फुलं. त्या माळा सुकायच्या आत शेजारच्या मशीनवर गोटीरामची दोन बोटं गेली. बिचारा ओरडलासुद्धा नाही, नुसता हाताकडे बघत राहिला.

त्या दिवशी सावळीरामच्या पोटात भीतीचा गोळा आला तो गेलाच नाही. जेवताना, सायकल चालवताना तो अंगठ्यानं एकेक बोट चाचपून बघायचा. काडी काढावी तर माल कमी, आणि माल कमी तर घरचा रस्ता. गेटबाहेर कामाला माणसं उभीच होती. काडी तशीच राहिली.

आई आक्काबाई एकदा ओट्यावर शेवंतीची माळ ओवत बसली होती. म्हणाली, "सुईत दोरा घाल रं, मला दिसत नाय."

दोरा काही जाईना.

"हात का कापतोय तुझा?"

"थंडी हाय."

"एवढ्या उन्हात? आईला शेंडी लावतो व्हय रे?"

मग त्याला राहवलं नाही. लहान पोरासारखा रडत त्यानं सगळं सांगितलं. आक्काबाईनं माळ बाजूला ठेवली, त्याचे दोन्ही हात मांडीवर घेतले.

"मला सुई टोचाया लागली ना, की मी उठते बघ. घोटभर पाणी पिते, डोळ्याला लावते, जरा चालते. भेलेल्या हातानं काम करू नाय बाबा. तू बी उठत जा. आन् डबा मशीनीवर नको खाऊ, भाईर झाडाखाली खा."

सावळीरामनं आईचा शब्द पाळला. गोळा वर यायला लागला की उठायचा, मुठी उघडायचा, मिटायचा, लांब श्वास घ्यायचा. पाणी द्यायला गोटीरामच होता. मालकानं त्याला आता झाडलोट आणि पाण्यावर ठेवलं होतं. उरलेल्या तीन बोटांत पेला धरून तो म्हणायचा, "पी सावळ्या. निवांत पी." साहेब जाता-येता टोमणा मारायचे, "काय सावळीराम, पाणपोईवर नोकरी धरलीस का?" हा ऐकून घ्यायचा. आणि खरं सांगतो, गुण आला! हात थांबला, झोप लागू लागली, तोंडावर हसू आलं.

घात तिथंच झाला. एका दुपारी डबा खाऊन, लिंबाखाली जरा टेकून तो मशीनवर आला. मन कसं निवांत. मळ्यात पाणी भरायचं राहिलंय, असं काहीतरी डोक्यात. पत्रा किंचित तिरका बसला. सरळ करायला डावा हात आत गेला, आणि उजवा हात सवयीनं बटणावर.

धाडकन!

डाव्या हातातला हातमोजा मापापेक्षा मोठा होता, म्हणून बोटं वाचली. रिकामं टोक तेवढं साच्यात चिरडलं.

सावळीरामनं हातमोजा ओढून काढला आणि बोटं मोजली. इतके दिवस भीतीच त्याचा हात मागे ओढत होती, आणि तिलाच त्यानं पाणी पाजून निजवलं होतं. काडी मात्र जागच्या जागी. त्यानं नखानं कोरून ती काढली आणि फेकून दिली.

माल कमी पडला तसे साहेब आले. "काडी कुठाय?"

"काढली."

"घाल परत. आज ट्रक भरायचाय."

गेली नोकरी, सावळीरामच्या मनात आलं. "साहेब, मला लय भ्या वाटतं," तो सगळ्यांदेखत म्हणाला. कुणी हसलं नाही. आजूबाजूच्या मशीनी थांबल्या. "घालतो काडी. पण आधी तुम्ही बसा. एक तुकडा काढून दाखवा, मग मी दिवसभर काढतो."

त्यानं स्टूल पुढे सरकवलं. साहेबांनी स्टुलाकडे पाहिलं, साच्याकडे पाहिलं, त्या फाटक्या हातमोज्याकडे पाहिलं. त्यांचे दोन्ही हात हळूच पँटच्या खिशात गेले. ते केबिनकडे निघून गेले.

गोटीराम पाणी घेऊन आला. सावळीराम इतका थरथरत होता की एका हातात पेला राहीना. मग त्यानं तो दोन्ही हातांनी धरला, दहाच्या दहा बोटांनी.