सम्राटाची झिजलेली बाजू

आमच्या शेजारचे जोगकाका जुनी नाणी ओळखून देतात. परवा त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "बघ, रोमचं सोनं आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचं."

नाणं अंगठ्याच्या नखाहून थोडंच मोठं. एका बाजूला आसनावर बसलेली देवी, अजून ठसठशीत, आणि तिच्या डोक्यावर दोन बारीक भोकं. दुसऱ्या बाजूला सम्राट होता म्हणे. आता त्याच्या गालाचा उंचवटा तेवढा उरलाय. नाव पार गेलंय.

"आपल्याकडच्या कुणा बाईनं गळ्यात घातलं असणार," काका म्हणाले. "तिला ही लक्ष्मीच वाटली असेल. म्हणून देवी बाहेर आणि राजा आत, तोही डोकं खाली. अंगाला घासून घासून झिजला. आता याला ओळखू कसा?"

अर्ध्या जगावर ज्याचा हुकूम चालायचा, त्याचं नाव एका बाईनं नकळत पुसून टाकलं होतं. दळताना, पाणी भरताना, नुसता श्वास घेताना.

घरी आल्यावर मी गळ्यातलं आईचं पदक पहिल्यांदाच उलटं करून पाहिलं. आतली बाजू गुळगुळीत झाली होती. इतकी काही मी एकटीनं झिजवलेली नाही.