देवाला रेशीम चालतं

इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या आमच्या मराठी मंडळातल्या सगळ्यात ज्येष्ठ डॉक्टरीणबाईंना सगळे वहिनी म्हणतात. मीही म्हणते. त्यांच्याकडे पहिल्यांदा सत्यनारायणाला गेले तेव्हा त्यांनी मला दारातच थांबवलं.

"पर्स लेदरची आहे का गं? मग पोर्चमध्ये ठेवशील, प्लीज? आत देव आहेत."

पुरुषमंडळी कमरेचे पट्टे काढून, एका हाताने पॅन्ट सावरत आत जात होती. माझी पर्स बुटांच्या रांगेत बसली. आत वहिनी भरजरी पैठणीत, भटजी रेशमी सोवळ्यात, आणि आरतीच्या साथीला तबला. मी म्हटलं, "तबला पण पोर्चमध्ये नेऊ का? त्यावर बकऱ्याचं कातडं आहे." सगळे खो खो हसले. मी विनोद केला नव्हता.

माझं घर कोल्हापूरकडचं. वडील चपला करतात, आजोबाही तेच करायचे. ओल्या कातड्याचा, बाभळीच्या सालीचा वास आमच्या अंगणाला कायम असायचा. शाळेत माझ्या शेजारी बसणाऱ्या पोरी नाकाला रुमाल लावायच्या आणि त्यांचे बाप आमच्याच चपला घालून पालकसभेला यायचे. कॉलेजची पायरी आमच्या घरात पहिल्यांदा मी चढले. ते सगळं शिक्षण त्या चपलांवर झालं. हे मी मंडळात पहिल्याच ओळखीत सांगितलं होतं. त्यावर एक बाई म्हणाल्या, "किती इन्स्पायरिंग." बहुधा तेवढ्यावर त्यांच्या बाजूने विषय संपला.

माझी मुलगी इथली. दहावीच्या वयात ती व्हीगन झाली. दूध गेलं, तूप गेलं, लोकरीची टोपी चॅरिटी शॉपमध्ये गेली. मी फार मनावर घेतलं नाही. मग गणपतीच्या लेझीमसाठी माझ्या वडिलांनी तिच्या मापाच्या चपला पाठवल्या. पुढे वेणी घातलेल्या, गोंडा लावलेल्या. डोळ्यांना नीट दिसत नसताना केलेल्या. तिने खोक्याचं झाकण उघडलं आणि परत लावलं.

"आई, मी हे घालू शकत नाही."

"आजोबांनी केल्यात."

"आय नो. पण आजोबांचा काम राँग आहे. सॉरी, पण आहे."

मी तिला काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. हातातली कणीक तशीच परातीत टाकली आणि म्हटलं, "ज्या कातड्याला तू नाक मुरडतेस, त्यावर तुझ्या आईची डिग्री उभी आहे."

"मी ते पण लिहिलंय," ती शांतपणे म्हणाली.

लिहिलं होतं भाषणात. वहिनींनी गणपतीच्या कार्यक्रमात फरविरोधी स्टॉल लावायचं ठरवलं होतं. इथे फरसाठी प्राणी पाळायला कायद्याने बंदी आहे, पण बाहेरून आणून विकायला मोकळीक. ती मोकळीकही जावी, असं त्यांचं म्हणणं. त्यात काही चूक नाही. जाळीच्या पिंजऱ्यात गोल गोल फिरून वेडा झालेला जीव कुणाच्या तरी कॉलरसाठी मारायचा, याची मलाही चीड आहे. त्यांनी माझ्या मुलीला स्टेजवर बोलायला सांगितलं, कारण ती "इथल्या मुलांसारखी मोकळी बोलते."

आदल्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये तालीम होती. मी मागे खुर्च्या मांडत होते. मुलीने भाषण वाचून दाखवलं. आधी फरसाठी पिंजऱ्यात कोंडलेली मिंक. मग आजोबांच्या चपला. मग रेशीम. कोशातला किडा जिवंत असतानाच उकळत्या पाण्यात टाकतात, तेव्हा धागा अखंड निघतो.

वहिनींनी टाळ्या वाजवल्या. "सुरेख गं बाळा. फरचं मस्त झालंय. लेदरचंही राहू दे, आजोबांचा पार्ट तर खूपच टचिंग आहे. फक्त रेशमाचं काढू या."

"का?"

"अगं, रेशीम सोवळ्यात चालतं. शुद्ध असतं ते."

"पण आंटी, ते जिवंत बॉइल करतात."

"हो, पण देवाला चालतं ना. आणि उद्या सगळ्या सिल्कमध्ये येणार. उगाच कुणाच्या भावना दुखावतील."

मी हातातली खुर्ची खाली ठेवली. "म्हणजे माझे वडील राहू देत, आणि तुमची पैठणी काढायची?"

"तू पर्सनली घेऊ नकोस हं."

"पर्सनलच आहे, वहिनी. मेलेल्या म्हशीचं कातडं कमावणारा माझा बाप अशुद्ध, आणि जिवंत किडे उकळून काढलेलं नेसून तुम्ही शुद्ध. हे कुणी ठरवलं? किड्यांनी?"

"अगं, जातीचं कुठे काढतेस मधेच? आपण इथे कुणी ते मानतो का?"

मी जातीचा शब्दसुद्धा उच्चारला नव्हता.

मी मुलीला म्हटलं, "कोट घाल. घरी चल. उद्या बोलायचं नाहीये तुला." माझा जीव तिच्या भाषणात अडकला नव्हता, वडिलांत अडकला होता. रेशीम काढलं की त्या हॉलमध्ये पापी म्हणून एकच माणूस उरणार होता, आणि त्याला तिथे त्याच्या नातीनेच उभं करायचं होतं.

मुलगी हलली नाही. "मी बोलणार," ती म्हणाली. कुणाला म्हणाली ते मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती कॅनव्हासच्या बुटांवर लेझीम खेळली आणि मग माइकसमोर उभी राहिली. हातात कागद नव्हता.

"माझे आजोबा लेदरच्या चपला बनवतात. त्याच्यामुळे माझी आई कॉलेजला गेली, म्हणून मी इथे आहे. तरी मला ते राँग वाटतं, आणि हे मी त्यांना स्वतः सांगणार आहे. पण तुम्ही सगळ्यांनी आज सिल्क घातलंय. ते मी तुम्हाला सांगते."

आणि तिने सांगितलं. उकळतं पाणी, कोश, सगळं. फर शेवटी आली, एका वाक्यात. पहिल्या रांगेत वहिनींनी पदर मांडीवर ओढून घेतला. टाळ्या पडल्या, पण विरळ. जेवणाच्या रांगेत तिला कुणी काही म्हणालं नाही. जे म्हणायचं ते मला म्हणाले. "मुलगी हुशार आहे हो, पण थोडं वळण लावा." मी म्हटलं, "वळण लावलंय. त्यामुळेच बोलली."

रविवारी सकाळी तिने स्वतःच व्हिडिओ कॉल लावला. मी ओट्याशी उभी राहून भांडं पुसत राहिले. तेच भांडं.

"चपला बसल्या का गं पायाला?" वडिलांनी पहिलंच विचारलं.

"आजोबा, मी नाही घातल्या. मी लेदर घालत नाही. प्राण्यांसाठी."

वडील स्क्रीनच्या जवळ आले. मग, "कुनी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. मीच."

"मग पायात काय घालतीस?"

"कॅनव्हास. कापडाचे."

"टिकतंय व्हय ते?"

"नाही," ती म्हणाली. "लवकर फाटतात."

"मग?"

"मग दुसरे घेते."

वडील हसले नाहीत. त्यांना लागलं होतं, ते मला दिसत होतं. "बरं," ते म्हणाले. "आईला दे त्या. तिच्या मापाला होत असतील तर." आणि जेवलीस का, थंडी पडली का, असं विचारत राहिले.

मला त्या घट्ट होतात. तरी त्या दिवशी तशाच घालून मी दुकानात गेले. मुलगी शेजारून चालत होती. तिने माझ्या पायांकडे पाहिलं, पण नाक मुरडलं नाही. त्यानंतर वहिनींकडून पूजेचं बोलावणं आलं, खाली नेहमीची ओळ होती: शक्यतो सिल्क नेसावे. मी उत्तर पाठवलं. आम्ही दोघी येणार नाही, आणि का ते तुम्हाला माहीत आहे.