आठवी पिन

परांचीच्या फळीवर लाल पिचकारी दिसली की कडूबा मिस्त्रीच्या पोटात ढवळून यायचं. वाळलेली थुंकी लाकडाच्या रेषांत मुरते, नुसत्या पाण्यानं जात नाही. मग तो नाकातोंडाला दस्ती बांधायचा, पॉलिश पेपर घेऊन घासत बसायचा आणि घासताना थुंकणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धरायचा. जालन्याबाहेर, मंठा रस्त्यावर एक मंगल कार्यालय उभं राहत होतं. तिथल्या कामावर तर हे रोजचंच झालं होतं.

"घरी ताटात थुंकता का रे?" तो खालून ओरडायचा. "ह्याच फळीवर बसून भाकरी खातो आपुन."

"पन मामा, भिंतीवर थुंकलं तर शेठ वरडतो, खाली थुंकलं तर गवंडी वरडतो," वरून वसंता हसायचा. "मंग मानसानं थुंकावं कुठं?"

"गिळ."

वसंता त्याच्याच वस्तीतला, पस्तिशीचा गडी. नात्यानं कुणी नव्हता, पण मामा म्हणायचा. दोघं एकाच मोटारसायकलवर कामाला यायचे. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून कडूबा खाली राहून मापं घ्यायचा, कापून द्यायचा. वर चढून बसवायचं काम वसंताचं. कार्यालयाच्या दर्शनी भिंतीवर सागवानासारख्या दिसणाऱ्या शीट ठोकायच्या होत्या. शीटखालची भिंत अजून ओली होती, कोपऱ्यात पांढरा खार फुटला होता, आणि त्यावर हे चकचकीत सागवान चढत होतं. मढ्याला पावडर लावावी तसं. कडूबा प्रत्येक शीट कापताना तोंड वाकडं करायचा, आणि कापायचा मात्र केसभरही न चुकता.

त्याला किळस पुष्कळ गोष्टींची होती. तिरप्या ठोकलेल्या खिळ्याची. मान मोडलेला स्क्रू न काढता वरून पुट्टी भरणाऱ्या हाताची. चहाच्या कपात विझवलेल्या बिडीची. आणि सगळ्यात जास्त, 'चालतंय की' या दोन शब्दांची. हे शब्द कानावर आले की तो हातातलं काम खाली ठेवायचा.

सुतारकी त्याच्या घरात नव्हती. बाप एमआयडीसीत सळईच्या मिलमध्ये भट्टीपुढे उभा असायचा. कडूबा सोळाव्या वर्षी सेंट्रिंगच्या फळ्या वाहायला लागला आणि फळ्या वाहता वाहता त्याला रंध्याचा नाद लागला. एका म्हाताऱ्या सुताराकडं तो शिकवा म्हणून गेला, तेव्हा म्हातारा म्हणाला, "हे तुमच्या लोकाच्या हातचं काम न्हाई." बोलताना त्याच्या पानानं भरलेल्या तोंडातून एक थेंब उडाला आणि कडूबाच्या सदऱ्यावर बसला. शब्दांना उत्तर द्यायला कडूबाला पुढं तीस वर्षं मिळाली, आणि त्यानं ते हातानं दिलं. थेंबाला मात्र उत्तर नव्हतं. तो सदरा त्यानं पुन्हा घातला नाही.

ते उत्तर म्हणजे त्याची परांची. बांबूची परांची गवंड्याला पुरते. गवंडी वाकून थापी मारतो, हात लांबवूनही मारतो. सुताराला काम छातीसमोर लागतं, डोळ्याच्या रेषेत. वीतभर खालीवर झालं की ड्रिल तिरपं जातं, आणि एकदा तिरपी बसलेली शीट जन्मभर तिरपी. बांबू दर वेळी सोडून पुन्हा बांधायचा म्हणजे अर्धा दिवस गेला. म्हणून बारा वर्षांपूर्वी कडूबानं भंगारातून चौकोनी पाइप निवडून आणले, एकात एक सरकतील असे, आणि वितीवितीवर आरपार भोकं पाडून घेतली. आतला पाइप हवा तेवढा वर उचलायचा, भोकाला भोक जुळलं की पिन घालायची. फळी तिथं थांबते. भिंतीला टेकणारे हातही तसेच सरकते केले, म्हणजे छज्जा आडवा आला तर परांची बाहेर ओढून घेता येईल. चार खांबांना चार पिना, चार हातांना चार. अंगठ्याएवढ्या जाड, टोपीच्या, लेथवर कातून घेतलेल्या. जिल्ह्यात कुठं उंचावर लाकूडकाम निघालं की लोक म्हणायचे, कडूबाची परांची बोलवा.

पिना कापडी पिशवीत असायच्या आणि पिशवी कडूबाच्या कमरेला. त्यात दुसऱ्यानं हात घालायचा नाही. सकाळी तो आठ मोजून द्यायचा, संध्याकाळी आठ मोजून घ्यायचा. बाकी नियम एकच होता: ज्याचे पाय, त्याची पिन. जो वर उभा राहणार, पिन त्यानंच घालायची. मग पडला तर दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही.

त्या दिवशी जेवणाच्या आधी कडूबा कटरवर शीट कापत होता. कटरच्या आवाजात त्याला वरचा आवाज ऐकूच आला नाही. मान वर केली तेव्हा फळीचं एक टोक खाली झुकलं होतं, ड्रिल वायरीला लटकून भिंतीवर आपटत होतं आणि वसंता वाळूच्या ढिगाच्या कडेला पडला होता. डावा हात कोपराखाली भलतीकडंच वळलेला. तोंडातून लाल ओघळ.

कडूबाला वाटलं, रक्त. तो धावला, खाली बसला, वसंताची हनुवटी हातात धरली. रक्त नव्हतं. पुडी होती. गुटख्याचा तो गोडूस, कुजका वास त्याच्या नाकात गेला, बोटांना लाल चिकटा लागला, आणि आधी दाटून आलेली भीती एकदम उलटून रागाची झाली.

"तोंडात पुडी असली की हातात पिन कशी राहील!" तो जमलेल्या सगळ्यांसमोर ओरडला. "घातलीच न्हाई पिन ह्यानं. बिलकुल घातली न्हाई!"

कामाचा ठेकेदार कल्याण तोवर येऊन उभा राहिला होता. शेतकरी घरातला, बांधकामात नव्यानं शिरलेला तरुण माणूस. पांढरे बूट वाळूतून उचलून उचलून टाकायचा. त्यानं मान हलवली. "झालं. मिस्त्रीच म्हनले. टेम्पो बोलवा, दवाखान्यात न्या. आन् पुन्हा ह्याला वर चढवू नका. माज्याच काय, कोन्याच साइटीवर. मी सांगून ठेवतो समद्याला."

वसंताला नेल्यावर कडूबानं परांची उतरवली. पिना मोजल्या. सात. आठवी त्याला वाळूत सापडली, पार वाकलेली. बाकीच्या सात निळ्या होत्या, हीही निळी. पण वाकली होती तिथं रंगाचा पोपडा उडाला होता आणि खालून तिरप्या धारा दिसत होत्या. सळईच्या अंगावर असतात तशा.

तो वाळूतच बसला.

पिंपळगाव रेणुकाईचं काम. दोन वर्षं झाली असतील. एका घराच्या गॅलरीला लाकडी जाळी बसवायची होती. संध्याकाळी एक पिन हातातून सटकून खालच्या गटारात पडली. काळं, बुडबुडे येणारं गटार. वरून कोंबडीची पिसं तरंगत होती. कडूबानं बाही वर सारली, वाकला, आणि त्याला उमासा आला. त्यानं हात मागं घेतला. जालन्याच्या माणसाला सळईचा तुकडा शोधावा लागत नाही; आमच्याकडं दाराचा आडणा सळईचा, चुलीचा फुंकणा सोडला तर सगळं सळईचं. त्यानं तुकडा कापला, एक टोक ठोकून चपटं केलं, भोकात घालून बघितलं. ढिला होता. आजच्यापुरता, म्हणाला. उद्या लेथवरून नवी आणू.

तो उद्या राहूनच गेला. पुढं चौदा एप्रिल आला. दर वर्षी जयंतीच्या आधी कडूबा आणि चांगुणाबाई, त्याची बायको, अंगणात पाइप मांडून सगळी परांची निळी रंगवायचे, पिनासुद्धा. पहिल्या वर्षी सळईच्या धारा रंगातून दिसत होत्या. दुसऱ्या वर्षीच्या हातानं त्या बुजल्या. त्यानंतर कडूबानं रोज आठ मोजल्या होत्या. एकदाही बघितल्या नव्हत्या.

वाकलेली पिन खिशात टाकून तो दवाखान्यात गेला. फिनेल, घाम आणि शिळ्या वरणाचा वास एकत्र कोंदला होता. वसंताच्या हाताला प्लास्टर होतं. ओठांवरचा लाल रंग कुणी पुसलाही नव्हता.

"मामा, मला तर वाटतंय घातल्ती मी पिन," तो हळूच म्हणाला. "ठोकून बी बघितल्ती." मग नजर छताकडं वळवली. "पन तुम्ही म्हन्ता मंग नसंनच घातली. पुडी फोडीत व्हतो, ध्यान गेलं असंन. कल्याणशेठ म्हनं, आता कुनी वर घेनार न्हाई मला?"

खिशातलं लोखंड कडूबाच्या मांडीला टोचत होतं. "पड तू," एवढंच त्याच्या तोंडून निघालं. बाहेर येऊन त्यानं नळावर चूळ भरली. परत भरली. तोंडाला लागलेली चव जाईना. ती चव गुटख्याची नव्हती.

घरी चांगुणाबाईनं पिठलं-भाकरी वाढली. त्यानं घास मोडला आणि तसाच ठेवला.

"काय झालं? पाल पडली का पिठल्यात?"

त्यानं पिन ताटाशेजारी ठेवली. तिनं ती उचलली, नखानं खरवडली, आणि ओळखीचं माणूस भेटावं तशी म्हणाली, "ही व्हय. ही मी रंगवल्ती. मी म्हन्लं नव्हतं का तुमाला, ही येक खरबरीत लागून राह्यली म्हनून? तुम्हीच म्हन्ले, लाव लाव, चालतंय की."

कडूबानं ताट बाजूला सारलं. हे शब्द आपल्या तोंडून गेल्याचं त्याला आठवत नव्हतं. पण चांगुणा खोटं बोलत नाही, आणि रंगाच्या बाबतीत तर नाहीच नाही.

सकाळी कार्यालयावर गवंडी चहा पीत बसले होते. कल्याण फोनवर होता. कडूबानं त्याच्यापुढं पिन धरली. कल्याणनं ती बघितली, फोन ठेवला आणि त्याला खांद्याला धरून मिक्सरच्या मागं नेलं.

"मिस्त्री, कोनाला दावली का ही?"

"न्हाई अजून."

"मंग फेका तिकडं गवतात. वसंताची चूक व्हती, वसंता घरी बसला, मिटलं. गडी काय, दुसरा भेटतो. पन तुमच्या परांचीत खोट व्हती म्हन्लं तर उद्या कोन उभं करीन तिला दारात? बारा वर्षाचं नाव हाय. मी तुमच्या भल्याचं सांगून राह्यलो."

त्याच्या बोलण्यात वेलदोड्याचा वास होता. चांगला माणूस होता तसा. खरंच भल्याचं सांगत होता. कडूबाच्या अंगावर काटा आला तो त्यामुळंच. हा स्वच्छ, सुगंधी आवाज आणि पिंपळगावचं ते गटार यांत त्याला आता फरक करता येईना. तिथं त्यानं हात मागं घेतला होता.

तो मिक्सरमागून बाहेर आला. चहावाल्यांच्या मधोमध जाऊन उभा राहिला. "ऐका रे," तो म्हणाला. आवाज चिरका निघाला. "वसंतानं काल पिन घातल्ती. बराबर घातल्ती. पिनच खोटी व्हती. ही सळई हाय. मी कापल्ती, मीच रंगवली, मीच त्याच्या हातात दिली. काल मी जे वरडलो ते झूट."

पिन या हातातून त्या हातात फिरली. शेवटी रखमाजी गवंड्यानं ती वर धरून एक डोळा मिटून बघितली. फळीवर थुंकल्याबद्दल सगळ्यात जास्त शिव्या त्यानंच खाल्ल्या होत्या.

"मंग मिस्त्री," तो म्हणाला, "आता थुंकावं कुठं आमी?"

हशा पिकला. कडूबा त्यांच्याबरोबर हसला नाही, चिडलाही नाही. कल्याण दुसरीकडं बघत फोन लावत होता. दुपारपर्यंत बांबूंनी भरलेला ट्रॅक्टर आला. कडूबानं पाइप टेम्पोत चढवले, आणि फळ्या कालची थुंकी न घासता तशाच नेल्या. पुढचे अडीच महिने परांची अंगणात पडून होती. चांगुणाबाई तिच्यावर गोधड्या वाळत घालायची.

वसंताचा हात बरा झाला. जरा बारीक राहिला. मग वस्तीतल्याच एका शिक्षकाच्या दुमजली घराच्या खिडक्यांवर बाहेरून लाकडी झडपा बसवायचं काम निघालं. कडूबानं आठच्या आठ पिना नव्या कातून आणल्या होत्या. त्यांना रंग लावला नव्हता. परांची उभी करून त्यानं सवयीनं कमरेच्या पिशवीत हात घातला. वसंतानं पंजा पुढं केला. पिनांसाठी नाही.

"पिशवी द्या, मामा."

कडूबा थांबला. मग त्यानं गाठ सोडली.

वसंता पायरीवर बसला. एकेक पिन काढून उन्हात फिरवली, अंगठ्याच्या नखानं वरपासून खालपर्यंत चाचपली, दगडावर वाजवून बघितली. घाई केली नाही. वरच्या खिडकीतून गुरुजी विचारत होते, काय झालं, काम सुरू का होत नाही. बारा वर्षांत त्या पिशवीत दुसऱ्याचा हात गेला नव्हता. कडूबा कामावर उशिरा आलेल्या गड्यासारखा उभा होता. कपाळावरचा घाम पुसायचंही त्याला सुचलं नाही.

आठवीवर वसंता अडला. "हिची टोपी कलती हाय."

"कुठं?" कडूबानं वाकून बघितलं. होती, सुताएवढी. "तेवढ्यानं काय..." तो म्हणाला, आणि पुढचे शब्द जिभेवर आलेले त्याला स्पष्ट कळले.

"सात पिनावर मी चढत न्हाई, मामा," वसंता म्हणाला. आवाजात राग नव्हता.

कडूबानं पिन घेतली, खिशात टाकली आणि मोटारसायकलीला किक मारली. एमआयडीसीतला लेथवाला जेवायला जायच्या आत गाठायचा होता. वळताना त्यानं मागं बघितलं. वसंता भिंतीच्या सावलीत सरकून बसला होता आणि दातांनी पुडी फोडत होता. कडूबानं तोंड उघडलं, मिटलं, आणि गाडी रस्त्याला लावली.