अरुण अजून मला शोधतोय

मित्रांनो, आज दुपारी हुडकेश्वरला अरुणकडे जाऊन आलो. तेव्हापासून तेच डोक्यात आहे, म्हणून इथे लिहितोय.

ऐंशीच्या दशकात आम्ही दोघं नागपुरातल्याच एका कॉम्प्युटर सेंटरमध्ये होतो. ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात हॅश टेबल असतं. खणांचं कपाट समजा. नावावरून खण ठरतो, आणि त्या खणात गर्दी असली की एकेक बघत जावं लागतं. मशीन चालू असतानाच प्रत्येक शोध किती लांबतो, ते मोजायची सोय आम्ही त्यात बसवली होती.

सगळ्यात लांबलेले शोध पाहून अरुण म्हणाला होता, "हे न सापडलेले आहेत गा. जे खणात नाहीच, त्याच्यासाठी पार शेवटापर्यंत जा लागते."

हल्ली त्याला आठवत नाही, हे वहिनींनी फोनवर सांगितलं होतं. तरी गेलो.

तो माझ्याकडे टक लावून बघत राहिला. "मनोहर काय गा? नाही... देवराव?" आमच्या सेक्शनमधला एकेक जण त्याने आठवला. वारलेलेसुद्धा. फक्त मी नव्हतो.

वहिनींना बघवेना. त्या माझं नाव सांगणार, तोच त्याने हात वर केला. "थांब वं, मी शोधून राहिलो."

मी चहा संपवला आणि नाव न सांगताच उठलो. तो फाटकापर्यंत आला, माझ्या तोंडाकडे बघत.

तुम्ही असता तर सांगितलं असतं का नाव?