अडुळशाच्या शोधात मामा

पाऊस थांबला, ऊन तापायला लागलं आणि कॉलनीतल्या रिकाम्या प्लॉटवर गाजरगवत पांढरं फुललं, की माझ्या शिंका सुरू व्हायच्या. मी नाशिकच्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. कविता म्हणून दाखवताना दुसऱ्याच ओळीला शिंक यायची आणि सगळा वर्ग हसायचा. डॉक्टरांनी नाकात मारायचा स्प्रे आणि गोळ्या दिल्या होत्या. गोळीनं शिंका कमी व्हायच्या, पण डोळ्यांवर झापड यायची. एकदा पालकसभेत एका आईचं बोलणं ऐकता ऐकताच माझी मान खाली गेली.

"बाई, फार दमलात का?" तिनं हळूच विचारलं. मला अगदी कानकोंड्यासारखं झालं.

त्याच वर्षी सासरे आमच्याकडे राहायला आले होते. मी त्यांना मामा म्हणते. पिंपळगावजवळची द्राक्षबाग त्यांनी धाकट्या मुलाच्या हाती दिली होती. सासूबाई गेल्यापासून त्यांचं गावात मन लागेना, आणि आमच्या तिसऱ्या मजल्यावर तर त्याहून लागेना. दिवसभर गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे. आमचं बोलणं जेवणाखाणापुरतंच.

पालकसभेच्या दुसऱ्या दिवशी मी नाक पुसत भाजी निवडत होते, तेव्हा ते आपणहून म्हणाले, "इथं अडुळसा नाय का मिळत कुठं?"

"दुकानात बाटली मिळते, मामा."

"बाटली नको. पाला पायजे."

संध्याकाळी ते चप्पल घालून बाहेर पडले. अंधार पडला तरी परतले नाहीत. फोन घरीच राहिला होता. मी खाली उतरणार एवढ्यात ते फाटकातून आत आले, हातात पाल्याची जुडी. कालव्याच्या कडेला एका आजोबांनी कुंपणाला अडुळसा लावला होता. ते मामांच्याच भागातले, निफाडकडचे निघाले. मग गप्पा रंगल्या, चहा झाला.

मामांनी स्वतः काढा उकळला. अडुळसा, ज्येष्ठमध, तुळस, सुंठ आणि गुळाचा खडा. पहिला घोट घेताना माझं तोंड वाकडं झालं. ते हसले. आमच्या घरात आल्यापासून पहिल्यांदाच.

शाळेतल्या एका मैत्रिणीनं मला ॲक्युपंक्चरचं सुचवलं होतं. इंदिरानगरला एक डॉक्टरबाई ते करतात. मामांना हे कळलं तेव्हा ते विचारात पडले.

"सुया टोचून शिंका जात्यात व्हय? मी येतो संगं."

माझ्या स्कूटरवर मागे बसून ते आले. डॉक्टरबाईंनी आधी सगळं नीट विचारून घेतलं. "स्प्रे बंद करायचा नाही," त्या म्हणाल्या. "हे त्याच्या जोडीला. काढा कोण देतं?"

"मी," मामा म्हणाले.

"सुंठ किती घालता?"

मामांनी चिमूट करून दाखवली. तेवढ्यात मी सांगून टाकलं की काढा घेतल्यापासून छातीत जळजळ होते. बाईंनी सुंठ निम्मी करायला सांगितली. मामांचा चेहरा उतरला. "मला का नाय सांगितलंस?" ते मला म्हणाले. इतक्या प्रेमानं दिलेल्या पेल्याला नाव कसं ठेवायचं?

केसासारख्या बारीक सुया नाकाच्या दोन्ही बाजूंना, भुवयांच्या मध्ये, अंगठ्याजवळ आणि गुडघ्याखाली टोचल्या गेल्या. डास चावावा तेवढंच दुखलं. "आता शांत पडून राहा. बोलू नका," असं सांगून बाई पलीकडच्या पेशंटकडे गेल्या.

मी बोलू शकत नव्हते. म्हणून मामा बोलायला लागले.

"छाटणी झाली की येल फुटावी म्हणून तिच्या डोळ्यांना आमी पेस्ट लावतो," ते माझ्या हातातल्या सुईकडं पाहत म्हणाले. "नेमकी डोळ्यालाच. तसंच हाय हे." मग जरा थांबून म्हणाले, "तुझ्या सासूलाबी असंच व्हायचं. बागेत गंधकाची भुकटी मारली की शिंकून शिंकून बेजार. घरी ये म्हणलं तरी यायची नाय, पदर बांधून कामाला. मग काढा करायची. मलाबी द्यायची. मी कधी घेतला नाय. कडू लागायचा."

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांना वाटलं सुई दुखतेय. ते बाईंना हाक मारायला उठले, तेव्हा मी दुसरा हात किंचित हलवून त्यांना बसवलं.

आठवड्यातून एकदा आम्ही जात राहिलो. दर वेळी मी पडून राहायची आणि मामा बोलायचे. बागेबद्दल, सासूबाईंबद्दल, माझा नवरा लहानपणी किती हट्टी होता त्याबद्दल. हळूहळू शिंका कमी झाल्या. सुयांनी, काढ्यानं, स्प्रेनं की हवा बदलल्यानं, हे मला सांगता येणार नाही. डॉक्टरबाईही छातीठोकपणे काही म्हणाल्या नाहीत. पण गोळी क्वचितच लागू लागली, आणि मी वर्गात अख्खी कविता म्हटली.

मामांनी सोसायटीच्या टाकीमागं अडुळशाच्या फांद्या लावल्या. आता कुणाला खोकला झाला की पाला न्यायला बायका येतात. "आदी डॉक्टरला इचारा," असं प्रत्येकीला बजावूनच ते पानं तोडतात. सकाळी कालव्यावरचे आजोबा त्यांना फिरायला बोलवायला येतात.

या वर्षी छाटणीला ते थोड्या दिवसांसाठी गावी गेलेत. काल त्यांचा फोन आला. मागं मजुरांचा गलका ऐकू येत होता.

"शिंका हायेत का?"

"आहेत थोड्या. तुम्ही काय करताय?"

"बांधावर बसलोय. काढा घेतोय," मामा म्हणाले. "लय कडू हाय."