बांधावरच्या पाखरांची वही

केळीचा घड कापला की खोडातून जो ओलसर, तुरट वास येतो, त्या वासानं मला डोंगरकडा या सासरच्या गावातलं माझं पहिलं वर्ष आठवतं. नवीनच लग्न होऊन आले होते, नवरा केळीच्या गाडीसोबत सतत बाहेरगावी, आणि गावात ओळखीचं कुणी नव्हतं. माणसांशी ओळख व्हायला वेळ लागेल, तोवर पाखरांशी करून घेऊ, म्हणून दुपारी बागेच्या बांधावर वही घेऊन बसायची. कोणता पक्षी, कुठं बसला, एवढंच लिहायची. नाव मोबाइलवर शोधायची. सासूबाईंना ते खटकलं. सून अशी दूर बसून लिहिते म्हणजे सासरची गाऱ्हाणीच असणार! एकदा त्या येऊन समोर उभ्याच राहिल्या. "माहेरी फोनवर सांगता येत न्हाई ते लिहून राहिली का? वाच बरं." मी घाबरत वाचलं, "भारद्वाज, केळीखाली, एकटा. कोतवाल, तारेवर, एकटा. खंड्या, विहिरीच्या काठावर, एकटा." त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हळूच विचारलं, "समदेच एकटे काहून गं?" त्या पदर सावरून शेजारी बसल्या. "आता पाखरू आलं की मलाबी दाखव," म्हणाल्या. पुढं कित्येक वर्षं दुपारी आम्ही दोघी तिथं बसलो. गेल्या उन्हाळ्यात त्या गेल्या. आज घड कापून माणसं निघाली आणि भारद्वाज केळीखाली उतरला. मी लिहिलं, 'एकटा', आणि काहून म्हणून कुणी विचारतंय का, याची वाट पाहत बसून राहिले.