दुभाषीमामांचं एक वाक्य

दुभाषीमामा दुसऱ्याचा निरोप सांगताना 'तो म्हणाला' किंवा 'ती म्हणाली' असं कधीच म्हणत नसत. ज्याचा निरोप असेल तोच होऊन बोलत. तमिळ मुलखात, सैदापेटला त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत मी राहायला गेले, त्याच्या तिसऱ्याच दिवशी ते जिना चढून आले. सत्तरीचे, पांढरं धोतर, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. दारात उभं राहून अगदी शांतपणे म्हणाले, "मी फार रागावलें आहें. मी सकाळपासून वडाम घालून वाळत ठेवले, आणि तुझ्या चादरीचं पाणी त्यांवर गळतंय." मी गोंधळून त्यांच्याकडे पाहत राहिले. मग खालून मामींचा भांडी आपटल्याचा आवाज आला आणि रागावलंय कोण ते कळलं; खाली चादरीच्या पाण्यात भिजलेल्या तांदळाच्या पापड्या दिसल्या, तेव्हा वडाम म्हणजे काय तेही कळलं.

ते तंजावरकडचे मराठी. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत, पण ती ऐकताना मला एखादी जुनी बखर कुणी तमिळ चालीत वाचतंय असं वाटे. 'झालं'ला 'जालं' म्हणत आणि वाक्याच्या शेवटी 'सरि', म्हणजे 'बरं', लावत. तरुणपणी ते रशियन शिकले होते. त्या काळी आपल्याकडे रशियन यंत्रं आणि रशियन इंजिनियर बरेच येत, त्यांच्यासाठी मामा वर्षानुवर्षं दुभाष्याचं काम करत. त्याच कामामुळे एकदा आपल्या शिष्टमंडळाबरोबर युरोपातल्या एका थंड शहरात, शस्त्रकपातीच्या परिषदेला ते वर्षभर राहून आले. तिथे दुभाषी कमी पडले, म्हणून बड्या देशांच्या बैठकांतही त्यांनाच बसवत. गल्लीत त्यांचं खरं नाव कुणी घेत नसे. सगळ्यांचे ते दुभाषी.

मला त्या परिषदेबद्दल विलक्षण कुतूहल होतं. मी सांगलीची, डिप्लोमा करून गिंडीच्या एका छोट्या कारखान्यात तपासणीच्या कामाला लागलेली. बड्या देशांची माणसं एका टेबलाशी बसतात तेव्हा एकमेकांशी काय बोलतात, हे प्रत्यक्ष ऐकलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. मी सारखी विचारायची. गुपितं ते सांगत नसत, पण माणसं सांगत. "सभागृहात मी क्षेपणास्त्र," ते म्हणायचे, "जिन्यात मी गुडघा." म्हणजे असं, की आत एकमेकांना धमक्या देणारे दोन म्हातारे प्रतिनिधी बाहेर जिन्यावर थांबून गुडघेदुखीवर बोलत, आणि दोन्हीकडचं भाषांतर मामाच करत. कुठल्या मलमानं बरं वाटतं, यावर दोन्ही महासत्तांचं आठवड्यात एकमत जालं, असं ते सांगत.

सकाळी ते दोन वर्तमानपत्रं वाचत, एक तमिळ आणि एक इंग्रजी. मला हाक मारून विचारत, "यांत कोण बोललं नाही, सांग." बातमीत जो बोलला त्याच्यापेक्षा जो गप्प बसला त्याचीच त्यांना अधिक चौकशी. सुरुवातीला मला हा चाळा वाटे. पुढे मीही तसंच वाचायला लागले.

दोन बड्या देशांनी शस्त्रं कमी करायचं ठरवल्याची बातमी आली, त्या दिवशी मामांनी मामींना केसरी, म्हणजे तिकडचा केशरी शिरा, करायला लावली. बशी घेऊन स्वतः वर आले. "किती जणांनी किती वर्षं घसा कोरडा केला यासाठी," म्हणाले. डोळे ओले होते. मी चेष्टा करणार होते, पण केली नाही.

त्यानंतर थोड्याच महिन्यांत ती कपात आमच्या दारात आली. आमचा कारखाना रणगाड्यांच्या दुर्बिणींना लागणाऱ्या पितळी रिंगा करून परदेशातल्या एका कंपनीला पाठवायचा. सगळं काम जवळजवळ तेवढंच. त्या देशानं लष्कराचा खर्च कमी केला, दुर्बिणी थांबल्या, आणि एका सकाळच्या चार ओळींच्या ईमेलनं आमची ऑर्डर बंद झाली. मुदलाळींनी, म्हणजे आमच्या मालकांनी, बावीस जणांपैकी चौदा जणांना कमी करण्याची नोटीस लावली. कामगार फाटकाबाहेर बसले. त्यांचा म्होरक्या मुनुसामी, सगळ्यांत जुना टर्नर. तो म्हणे, मालकांनी फाटकाशी यावं. मालक म्हणत, मुनुसामीनं कचेरीत यावं. पाच दिवस कुणीच हललं नाही.

मी घरी येऊन मामांवरच राग काढला. "तुमच्या शांततेनं आमची माणसं घरी बसायची वेळ आणली, मामा!"

ते रागावले नाहीत. नेहमीप्रमाणे आधी माझंच बोलणं स्वतःच्या तोंडून म्हणून पाहिलं. "माझी माणसं घरी बसणार. मी कुणावर रागावू, मला कळत नाही." मग विचारलं, "त्या दोघांमध्ये बोलतंय कोण?"

"कुणीच नाही."

"सरि. मी येतों उद्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं इलेक्ट्रिक ट्रेननं गिंडीला गेलो. कचेरीपासून फाटकापर्यंत साधारण पन्नास पावलं असतील. मामांनी त्या दिवशी किती फेऱ्या मारल्या ते मी मोजलं नाही. दोघांचीही भाषा तमिळ, तरीही मामा इकडून तिकडे दुभाष्याचं काम करत होते. फाटकावरून येऊन मालकांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "अठ्ठावीस वर्षं मी त्या लेथवर उभा आहे. तुमच्या वडिलांनी मला हात धरून शिकवलं. नोटीस मला भिंतीवर वाचायला लागली." मालकांनी मान वर केली नाही. पेपरवेट फिरवत म्हणाले, "ऑर्डर नाही तर काम नाही. कायद्यानं जे द्यायचं ते देईन. सांगा त्याला."

मामा निघाले. मी बरोबर होतेच. फाटकाशी मुनुसामी उठून उभा राहिला. मामांनी जसंच्या तसं सांगितलं, "ऑर्डर नाही तर काम नाही. कायद्यानं जे द्यायचं ते देईन." मग थांबले. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "आणि मी घाबरलों आहें. वडिलांनी उभा केलेला कारखाना माझ्या हातून बुडेल, म्हणून रात्री झोप लागत नाही. तुमच्यासमोर यायचं धाडस नाही मला."

मी दचकले. मालक यातलं काहीच बोलले नव्हते. पण मुनुसामी खाली बसला आणि म्हणाला, "असं आहे तर सांगायचं ना आधी."

संध्याकाळपर्यंत ठरलं. कुणाला काढायचं नाही. तीन महिने सगळ्यांनी एक दिवसाआड काम करायचं, अर्ध्या पगारावर, आणि तोवर दुसरं काम शोधायचं. परतीच्या गाडीत मी आनंदानं बडबडत होते. मामा खिडकीबाहेर पाहत होते. घरी जेवलेही नाहीत.

सकाळी ते पुन्हा गिंडीला आले, एकटेच. आधी मालकांकडे गेले आणि आपण काय केलं ते सांगितलं. मालकांचा चेहरा लाल झाला. "झालं ते झालं. आता गप्प राहा," एवढंच म्हणाले. मामा गप्प राहिले नाहीत. जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले होते, तिथे जाऊन उभे राहिले. "काल मी एक चूक केली. भीतीचं बोलणं मालकांचं नव्हतं. मी माझ्या पदरचं घातलं. दुभाष्यानं हें करायचं नसतं."

एकदम गलका झाला. कुणी म्हणालं, फसवलं. कुणी डबा बंद करून उठलं. मुनुसामीनं हातातला घास डब्यात परत ठेवला. मला मामांचा इतका राग आला की त्यांना हाताला धरून बाहेर न्यावंसं वाटलं. घडी बसलेली विस्कटायची काय गरज होती?

तेवढ्यात मालक कचेरीच्या पायऱ्या उतरून आले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. "मी ते म्हणालो नव्हतो," ते म्हणाले. "आता म्हणतो. खरं आहे ते." मुनुसामीनं सरकून बाकावर जागा केली. मालक बसले. कुणीतरी डब्याच्या झाकणात त्यांना दहीभात वाढला.

सगळं गोड झालं असं नाही. अर्ध्या पगारावर घर चालेना म्हणून सहा जण सोडून गेले, त्यांत एक माझा मित्र होता. पण पुढे पंपांचे भाग मिळाले, मग मासेमारीच्या बोटींचे बुश, म्हणजे पंख्याच्या दांड्यावर बसणाऱ्या पितळी नळ्या. एका रविवारी मामांना घेऊन मी जवळच्याच कोवलमच्या किनाऱ्यावर गेले. आमचा बुश बसवलेली एक बोट वाळूवर ओढून ठेवली होती. मामा धोतर सावरत वाकले आणि बोटवाल्याला दहा प्रश्न विचारले. हा किती दिवस टिकतो, खारं पाणी खातं का, मासा पूर्वीइतका मिळतो का. बोटवाला वैतागून हसायला लागला, तरी यांचं संपेना.

चार वर्षांनी मला पुण्याला नोकरी लागली. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मामा झोपाळ्यावर बसले होते. मी विचारलं, "मामा, गिंडीत सगळं जुळलं होतं. मग तुम्ही परत जाऊन का सांगितलंत?"

त्यांनी पाय टेकून झोपाळा थांबवला. मग म्हणाले, "परिषदेत मी एकदा एक वाक्य गिळलं होतं. गुडघेदुखीवाल्यांपैकी एक जण भर बैठकीत दुसऱ्याला फार वाईट बोलला. मला खोकला आला असं दाखवून मी पाणी प्यालों, आणि पुढचं वाक्य सांगितलं. ऐकणाऱ्याला कळलंच नाही. बैठक मोडायची ती चालू राहिली."

"मग चांगलंच झालं की."

"तें मला ठाऊक नाही. ज्याला तें बोललं गेलं, तो संध्याकाळी बोलणाऱ्याशीच हसून बोलत होता, आपण काय ऐकायला हवं होतं हें माहीत नसताना. मी कुणालाच सांगितलं नाही. पंचवीस वर्षं जाली."

"काय होतं ते वाक्य?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सांगतील असं मला क्षणभर वाटलं. मग पायानं झोपाळ्याला झोका दिला आणि मामींकडे कॉफी मागितली.

दोन वर्षांनी मामींचा फोन आला, मामा गेल्याचा. रडणं ओसरल्यावर मी त्यांना विचारलं, मामा कधी काही बोलले होते का त्या वाक्याबद्दल. "कुठलं वाक्य?" मामी म्हणाल्या.